ब्रेकसमोरची खूण

चाचांचं कापड तीस वर्षं कोलकात्याला जात राहिलं, पण चाचा स्वतः कधी गेले नाहीत. शेलार गावातल्या त्यांच्या कारखान्यातून ग्रे, म्हणजे न धुतलेल्या, न रंगवलेल्या कापडाच्या गाठी निघायच्या, त्यांच्यावर पत्र्याच्या साच्यातून काळ्या शाईने ‘कलकत्ता’ असा शिक्का बसायचा, आणि ट्रक वळणाआड गेला की चाचा पुन्हा लूमच्या खडखडाटात आत जायचे. पुढे लूम बंद झाले, भंगारवाल्याने तोडून नेले, तेव्हाही तो साचा त्यांनी जाऊ दिला नाही.

दोन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी त्यांना सांगितलं की काचबिंदू वाढला आहे. समोरचं अजून दिसेल, बाजूचं हळूहळू जाईल, आणि जे जाईल ते परत येणार नाही. त्याच आठवड्यात त्यांनी मला बोलावून घेतलं.

“इंजिनियर, गाडी काढायची आहे. कलकत्त्याला जायचंय. चालवणार मी.”

चाचा म्हणजे माझ्या बाबांचे शेठ. बाबा त्यांच्याकडे जॉबर होते. लूम बिघडला की तो पुन्हा चालू करून देणारा माणूस, तो जॉबर. आमचं घर दिघाशीला. एक खोली, त्यात आम्ही पाच जण, आणि लाइटचा भरवसा नाही. मी अकरावीत असताना चाचांनी कारखान्याच्या ऑफिसातलं स्वतःचं टेबल अर्धं मला दिलं. पंख्याखालची बाजू माझी आणि भिंतीकडची त्यांची. त्या टेबलावर मी बारावी झालो आणि तिथेच बसून इंजिनियरिंगची डिग्री घेतली. आमच्या घरात माझ्या आधी कुणी कॉलेजचं तोंड पाहिलेलं नव्हतं. बाहेर चोवीस लूम चालू असायचे, त्यामुळे मला अजूनही शांततेत वाचता येत नाही. निकालाच्या दिवशी चाचांनी मला ‘इंजिनियर’ अशी हाक मारली ती कायमची. आज मी पूर्णा गावातल्या एका गोदामात फोर्कलिफ्टची देखभाल बघतो. तिथेही त्यांच्या मुलाच्या ओळखीने लागलो. गोदामाची जागा त्याच्याच मालकीची आहे.

गाडी रिकाम्या कारखान्यात मागच्या कोपऱ्यात उभी होती. लूम जोरात चालत होते त्या काळात चाचांनी मुंबईतल्या एका बंगल्यातून ती आणली होती. दोन दारं, लांबलचक बॉनेट, सहा सिलिंडर, दोन कार्बोरेटर, आणि काटा दोनशे चाळीसपर्यंत जाणारा मीटर. चाचांनी ती काही वर्षं हौसेने चालवली, मग धंदा उतरत गेला आणि तिच्यावर ग्रे कापड पडलं. आम्ही ते कापड ओढून काढलं तेव्हा खाली आणखी दोन थर निघाले. टायर एका बाजूने बसून चपटे झाले होते. टाकीतल्या पेट्रोलला जुन्या रंगाच्या डब्यासारखा वास येत होता. हवेच्या फिल्टरमध्ये कापसाचे तंतू इतके घट्ट बसले होते की बाबांनी ते उशीच्या अभ्र्यातून काढावेत तसे मुठीने ओढून काढले.

“शेठ, ही गाडी न्हाय, गादी हाय,” बाबा म्हणाले.

“तुला मागच्या सीटवर बसायचंय, जॉबर. बघ, गादी लागते की नाही.”

मागची सीट नावापुरतीच होती. तिथे बॅग बसली असती, माणूस बसला असता तर गुडघे हनुवटीला लागले असते. पण बाबा येणार हे कुणी न सांगता ठरलेलं होतं. चाचा चालवणार, मी शेजारी, बाबा मागे. डॉक्टरांनी चाचांना सांगितलं होतं की सकाळच्या उजेडात, शेजारी कुणी असेल तर सध्या चालवा, सहा महिन्यांनी मला पुन्हा विचारा. म्हणजे आमच्या हातात सहा महिने होते.

मी एक वही केली. पहिल्या पानावर रस्ता: नाशिक, जळगाव, नागपूर, रायपूर, संबळपूर, खरगपूर, कोलकाता. रोज सकाळी जमेल तेवढं चाचा चालवतील, ऊन चढलं की मी. दुसऱ्या पानापासून कामांची यादी. काम झालं की समोर बरोबरची खूण करायची, ही गोदामातली शिस्त. तिथे खूण आणि सही असल्याशिवाय फोर्कलिफ्ट हलत नाही.

अडीच महिने मी ड्युटी सुटल्यावर संध्याकाळी आणि सुट्टीच्या दिवशी शेलारला जात होतो. बाबा तर रोजच जायचे. कारखाना बंद झाल्यापासून ते घरी बसून होते आणि बसून त्यांचा आवाज बारीक झाला होता. गाडीचं काम निघालं तसा तो परत आला. कार्बोरेटर त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा उघडला, पण दोन्ही कार्बोरेटर सारखी हवा ओढतात का हे पाहायला त्यांनी रबरी नळीचं एक टोक कानाला लावलं, दुसरं कार्बोरेटरच्या तोंडाशी धरलं आणि डोळे मिटून ऐकत बसले. लूमचा आवाज बिघडला की ते असंच ऐकायचे. “ह्यो पुढचा जास्त पितो,” ते म्हणाले आणि स्क्रू पाव आटा फिरवला. मी नंतर मापाने तपासलं. बरोबर होतं.

सुटे भाग त्यांनी लूमचे धोटे ठेवायच्या जुन्या लाकडी पेटीत मांडले. फॅनचा पट्टा, रेडिएटरचे पाइप, प्लग, फ्यूज, तार, चामड्याचे तुकडे. चाचींना काळजी जेवणाची. “वाटेत टिकेल आणि गाडीत वास मारणार नाही असं काय देऊ?” असं त्या रोज विचारायच्या आणि रोज दुसरंच काहीतरी ठरवायच्या. चाचांच्या डोळ्यांत घालायचे थेंब थंड ठेवावे लागत, त्यासाठी बर्फ ठेवायला एक थर्मास आणला. पत्र्याचा साचा चाचांनी स्वतः पुसून डिकीत ठेवला.

“हा कशाला?” मी विचारलं.

“तिथल्या बाजारात दाखवीन. म्हणेन, तुमच्या गाठींवर हा शिक्का मारणारा मी. ओळखा.”

चाचांच्या मुलाला हे सगळं पसंत नव्हतं. तो वाईट माणूस नाही. बापाच्या डोळ्यांचे रिपोर्ट त्यानेच वाचले होते, आम्ही नव्हते वाचले. त्याने एक अट घातली. निघायच्या आधीच्या रविवारी सकाळी चाचांनी त्याला शेजारी बसवून पडघ्यापर्यंत जायचं आणि परत यायचं. सगळं ठीक वाटलं तर तो गप्प बसेल, नाहीतर चावी त्याच्याकडे. चाचांनी लगेच कबूल केलं.

आता त्या बाटलीविषयी सांगायला हवं.

कारखान्यात तेल पिंपातून यायचं आणि जो तो आपल्या बाटलीत काढून घ्यायचा. सरबताची, औषधाची, फिनेलची, कसलीही बाटली. रिकामी बाटली कुणी रिकामी ठेवत नसे. हाताशी आली की भरून फळीवर. आत काय आहे ते बोट बुडवून, चोळून, नाकाशी नेऊन कळायचं. बाबांनी कुठल्या बाटलीवरचं लेबल कधी वाचल्याचं मला आठवत नाही. आम्ही ब्रेकचं जुनं ऑइल काढून नवं भरलं तेव्हा मी आणलेली बाटली संपली; हे पुढे मी विसरलो. बाबांनी तीस वर्षांच्या सवयीने ती पिंपाखाली धरली, लूमचं उरलेलं तेल तिच्यात भरलं आणि दारांच्या बिजागऱ्यांना लागेल म्हणून फळीवर ठेवली.

शुक्रवारी दिघाशीतच एक लग्न होतं म्हणून बाबा आले नव्हते. मी एकटाच शेवटची तपासणी करत होतो. ब्रेकच्या डबीतलं ऑइल खुणेच्या जरा खाली आलेलं दिसलं. मी फळीवरची बाटली घेतली, लेबल वाचलं, जसं मला कॉलेजात आणि कंपनीत शिकवलं होतं तसं नीट वाचलं, आणि डबी खुणेपर्यंत भरली. बोट बुडवलं नाही. वास घेतला नाही. पेडल तीन-चारदा दाबून पाहिलं, घट्ट लागलं. मग वहीत ‘ब्रेक’ लिहिलेल्या ओळीसमोर खूण केली.

ते तेल ब्रेकच्या रबरांना चालत नाही. रबर ते पितं आणि फुगतं. लगेच नाही. एखाद-दोन दिवस घेतं.

रविवारी चाचा पांढरा शर्ट घालून आले. दाढी नीट केलेली. बाबा आणि मी मोटरसायकलवरून मागे. इंजिनाचा आवाज नाशिक हायवेला लागल्यावर मोकळा झाला आणि बाबांनी माझ्या खांद्यावर जोराने थाप मारली. पडघ्यापर्यंत चाचांनी इतकी नीट गाडी चालवली की मला मान खाली घालावीशी वाटली, कारण मीही मनातून घाबरलो होतो. ओव्हरटेक नाही, घाई नाही, वळताना मान पूर्ण फिरवून दोन्हीकडे पाहणं. पडघ्याला चहा झाला. मुलगा काही बोलला नाही, पण त्याने बापाच्या चहात स्वतः साखर ढवळली.

परत येताना एका वळणापुढे पिवळा टेम्पो उभा होता. चाचांच्या गाडीचा वेग कमी झाला, मागचे दिवे लागले, विझले, पुन्हा लागले. मग ती तशीच, सावकाश म्हणावी इतक्या वेगाने, टेम्पोच्या मागच्या फळीखाली गेली.

आम्ही पोचलो तेव्हा मुलगा बाहेर उभा राहून ओरडत होता, “दिसला नाही का, अब्बा? एवढा मोठा टेम्पो दिसला नाही?”

चाचांची छाती स्टिअरिंगवर आपटली होती. ते म्हणाले, “ब्रेक लागला नाही रे.”

“सगळे हेच म्हणतात.”

टेम्पोवाला उतरून आला. त्याने चाचांचे डोळे पाहिले, थेंबांमुळे लाल असायचे ते, आणि म्हणाला, “चाचा, दिखता नहीं तो घर पे बैठो ना. किसी का बच्चा होता तो?”

चाचांनी त्याला हात जोडले. मग गाडीची चावी काढून मुलाच्या हातात दिली. त्यांच्या दोन बरगड्यांना तडा गेला होता, हे संध्याकाळी कळलं.

दुसऱ्या दिवशी गाडी ओढून कारखान्यात आणली. बॉनेट दुमडलेलं होतं, ते आम्ही पहारीने उचललं. बाबांनी ब्रेकच्या डबीत बोट बुडवलं, अंगठ्यावर चोळलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, “हे लूमचं तेल हाय.”

मग त्यांनी ब्रेकचा सिलिंडर खोलला. आतलं रबर भिजवलेल्या वालासारखं फुगून जागीच अडकलं होतं. ते तळहातावर घेऊन बाबा फळीकडे गेले, बाटली उचलली आणि तिच्यातलंही बोटावर घेऊन चोळलं.

“ही मी भरली,” ते म्हणाले.

“आणि डबीत मी ओतलं.”

“चल. शेठना सांगू.”

मी म्हणालो, “आज नको, बाबा.”

त्या दोन शब्दांचा मी पुढे पुष्कळ विचार केला आहे. चाचा दवाखान्यातून नुकतेच आले होते, हे एक कारण होतं. मुलगा माझ्या गोदामाच्या जागेचा मालक होता, हे दुसरं. बाबांचं नाव हे तिसरं. पण यापेक्षा वाईट एक कारण होतं आणि ते मला तेव्हाच ठाऊक होतं. मला वाटलं, डोळे तर जाणारच आहेत. आज ना उद्या हा प्रवास बंद पडणारच होता. मग दोष डोळ्यांवर राहिला तर कुणाचं काय बिघडलं? हे मी शिकलेल्या माणसाच्या शहाणपणाने ठरवलं. बाबांनी मानलं. शिकलेल्या पोराचं ऐकावं, ही सवय त्यांना माझ्या डिग्रीनेच लागली होती.

आज नको म्हणता म्हणता सात महिने गेले. गाडी एका माणसाने आहे त्या स्थितीत नेली. बाबा चाचांकडे जाईनासे झाले. आई विचारायची, शेठशी भांडलात का? ते म्हणायचे, “न्हाय. पाय दुखतो.” मी मात्र जात होतो, दर पंधरा दिवसांनी, आणि जे पाहत होतो ते कुणालाही दिसलं असतं. चाचांना समोरचं अजून बरं दिसत होतं, पण त्यांनी जिना एकट्याने उतरणं सोडलं. चहा स्वतः ओतणं सोडलं. कपाकडे हात नेताना ते चाचींना विचारायचे, “इथेच आहे ना?” कप नाकासमोर असायचा. डॉक्टरांकडे सहा महिन्यांनी जायचं ते लांबत गेलं, आणि शेवटी गेले तेव्हा बाजूची नजर आणखी गेलेली निघाली. आता गाडी नाही, असं डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं. चाचांनी उलट काही विचारलंही नाही.

त्यानंतरच्या रविवारी आम्ही दोघे त्यांच्या गॅलरीत बसलो होतो. चाची आत होत्या. चाचा म्हणाले, “एक विचारू का, इंजिनियर? खरं सांगायचं.”

“विचारा.”

“तो टेम्पो मला दिसला होता असं मला वाटतं. पिवळा होता. मागच्या फळीवर निळ्या रंगात काहीतरी लिहिलेलं होतं. पण हे मी खरंच पाहिलं, की नंतर तुमच्याकडून ऐकलं, ते आता मला कळत नाही. माझाच माझ्यावर भरवसा राहिला नाही.”

निळ्या अक्षरांविषयी आमच्यापैकी कुणीही कधी बोललं नव्हतं. मी त्यांना सगळं सांगितलं. बाटली, लेबल, रबर. बाबांचं आणि माझं. सांगताना मी खाली फरशीकडे बघत होतो.

“म्हणजे मी पेडल दाबलं होतं?”

“दाबलं होतं, चाचा. वेळेवर दाबलं होतं. दोनदा. मागचे दिवे लागलेले मी पाहिले.”

“तुला कधी कळलं?”

“दुसऱ्या दिवशी.”

“दुसऱ्या दिवशी,” ते म्हणाले. एवढंच. मला वाटतं, ते चिडले असते तर मला सोपं गेलं असतं. थोड्या वेळाने त्यांनी मुलाला हाक मारायला सांगितलं. तो आला, तेव्हा मला म्हणाले, “आता पुन्हा सांग. पहिल्यापासून.”

मी पुन्हा सांगितलं. मुलगा दाराला टेकून ऐकत होता. शेवटी म्हणाला, “आता सांगून काय उपयोग, अब्बा? गाडी गेली. डॉक्टर नको म्हणाले.”

“मी गाडीचं बोलत नाही.”

मुलाने मान हलवली. मग माझ्याकडे वळून शांतपणे विचारलं, “गोदामातल्या फोर्कलिफ्टच्या ब्रेकवर तूच सही करतोस ना?”

“हो.”

“बरं,” तो म्हणाला आणि आत गेला. त्याने माझी नोकरी घालवली नाही. त्या दिवसापासून तो माझ्याशी कामापुरतं बोलतो. मला त्यात काही गैर वाटत नाही.

दुसऱ्या दिवशी मी बाबांना घेऊन गेलो. बाबांनी सदऱ्याच्या खिशातून ती बाटली काढली. सात महिने त्यांनी ती घरात पत्र्याच्या पेटीत ठेवली होती, हे मलाही माहीत नव्हतं. ते काही बोलायच्या आत चाचांनी हात पुढे केला. बाबांनी त्यांच्या बोटावर थेंब टाकला. चाचांनी तो अंगठ्याने चोळला आणि नाकाशी नेला.

“आपलंच आहे.”

“आपलंच, शेठ. शेवटच्या पिंपातलं.”

“तीस वर्षं सांगत होतो तुला, जॉबर. बाटल्यांवर लिहीत जा म्हणून.”

“लिवलेलं व्हतं ना, शेठ. त्यानंच तर घात केला.”

चाचा हसले, पण बरगडी अजूनही दुखत असावी, कारण छातीवर हात धरून लगेच थांबले. बाबा त्यांच्या खुर्चीजवळ खालीच बसले होते. चाचांनी त्यांना वर बसायला सांगितलं नाही, उठून जायलाही सांगितलं नाही. मग ते मला म्हणाले, “तुझी ती वही आहे?”

वही माझ्या बॅगेत होती. ती मी सगळीकडे घेऊन फिरायचो, का ते मला सांगता येणार नाही.

“यादी वाच. काय काय केलं होतं आपण.”

मी वाचत गेलो. टायर, झाले. टाकी साफ, झाली. कार्बोरेटर, झाले. रेडिएटरचे पाइप, झाले. प्रत्येक कामानंतर चाचा मान हलवत होते आणि बाबा तोंडातल्या तोंडात ‘हो’ म्हणत होते. पानाच्या तळाशी आलो तसा मी थांबलो.

“वाच,” चाचा म्हणाले.

“ब्रेक.”

“समोर काय आहे?”

“खूण आहे. झाले म्हणून.”

“त्याच्या खाली?”

“थेंबांसाठी बर्फ.” त्या ओळीसमोर खूण नव्हती. ते काम निघायच्या दिवशी सकाळी करायचं होतं.